नवरदेवाची गाडी आणि मधला आकडा

मी चाकणच्या एका कंपनीत क्वालिटी विभागात आहे, म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा मला दरमहा पगार मिळतो.

काम तसं सोपं. प्रेसवरून पत्र्याचा भाग येतो, मी तो मोजतो आणि मान हलवतो. मान उभी हलली तर भाग पुढे जातो. आडवी हलली की त्याच्या गळ्यात लाल टॅग पडतो. टॅगवर चार रकाने असतात: वस्तू, नग, दोष, निर्णय. खाली तपासणाऱ्याची सही. एकदा लाल टॅग लागला की त्या मालाला कंपनीत कोणी शिवत नाही; जाळीच्या पिंजऱ्यात तो गुन्हेगारासारखा बसून राहतो. माझ्या टॅगला प्रेस शॉपमधली भली भली माणसं टरकतात. (निदान माझी तशी समजूत आहे.)

अठरा वर्षं हे काम केल्यावर ते संध्याकाळी गेटवर ठेवून घरी येता येत नाही. माझ्या बॅगेत चार-पाच कोरे टॅग कायम असतात. गेल्या दिवाळीत मी सुजाताच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, चकल्यांच्या डब्याला एक टॅग लावला. वस्तू: चकली. नग: बावीस. दोष: वेढे असमान, काटे अस्पष्ट. निर्णय: घरातच वापरणे, पाहुण्यांना देऊ नये. मला तो विनोद वाटला होता! सुजाताने टॅग वाचला, माझ्या बॅगेतून एक कोरा टॅग काढला आणि फ्रिजवरच्या चुंबकाखाली अडकवून ठेवला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"राहू दे. लागेल कधीतरी."

मी हसलो. तो टॅग पाच महिने तिथेच होता आणि मी रोज त्याच्यासमोर उभा राहून थंड पाणी पीत होतो.

तर, धाकट्या भावाचं, सिद्धार्थचं, लग्न ठरलं. मुलगी चऱ्होलीची, प्रज्ञा नावाची. लग्न चऱ्होलीच्याच एका कार्यालयात, दुपारी बाराला. सिद्धार्थची इच्छा होती की नवरदेवासाठी एखादी लांबलचक भाड्याची गाडी आणावी. मी साफ नकार दिला.

"घरची गाडी असताना भाड्याची? लोक काय म्हणतील?"

"दादा, तुझी गाडी आठ वर्षांची आहे."

"मेंटेन्ड आहे!"

यावर आमचे बाबा खुर्चीतून उठले, खाली पार्किंगमध्ये गेले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि वर आले. बाबा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर होते. रिटायर होऊन पंधरा वर्षं झाली, पण खिशात तीन मीटरचा टेप अजून असतो. लग्न असो, मयत असो, खिशात टेप. मी क्वालिटीत लागलो त्या दिवसापासून ते मला 'साहेब' म्हणतात, आणि त्यात आदर किती आणि चेष्टा किती हे मला कुठल्याच उपकरणाने मोजता आलेलं नाही.

"साहेब," बाबा म्हणाले, "गाडी मेंटेन हाय. टायर टकले हायेत."

टायर खरंच गुळगुळीत झाले होते. मी म्हटलं, बदलू. चारही बदलू. माझा भाऊ माझ्या गाडीतून, नव्या कोऱ्या टायरांवरून मांडवात उतरेल. सिद्धार्थने माझ्याकडे पाहिलं. "नक्की ना दादा? बौद्धाचार्यांचं दोन वाजता तळेगावला दुसरं लग्न आहे. ते एकला निघणार म्हणजे निघणार. उशीर झाला तर माझं लग्न लावणार कोण?"

"वेळेची जबाबदारी माझी," मी छातीवर हात ठेवून म्हणालो. इथून पुढे जे झालं त्याला हा हात जबाबदार आहे.

टायर बदलणं याचा सर्वसाधारण माणसाच्या लेखी अर्थ असा की दुकानात जायचं, जुन्या टायरकडे बोट दाखवायचं आणि म्हणायचं, हेच द्या. बाबांनी मला तेच सांगितलं. वर असंही म्हणाले, "डायवरच्या दरवाजाआड कंपनीनं स्टिकर लावलेला असतो. साइज, हवा, समदं लिवलेलं असतंय. वाचून जा."

पण त्याच आठवड्यात कंपनीतला डिस्पॅचचा शिंदे कँटीनमध्ये मला म्हणाला, "भावा, चार टायर पडलेत. नवे कोरे. चुलत भावाने गाडी घेतली आणि त्याला दुसऱ्या डिझाइनचे पाहिजे होते. तू घे, उगाच पडून आहेत." चौदाच्याच रिमचे! मी म्हटलं, साइज सांग. तो म्हणाला, १८५/८० R14 आणि शेवटी एक C.

माझ्या जुन्या टायरवर होतं १६५/८० R14. आता एखादा अडाणी माणूस म्हणाला असता, आकडे वेगळे आहेत, नको. मी अडाणी नव्हतो. मी क्वालिटीत होतो!

रात्री जेवताना मी सगळ्यांना टायरचं गणित समजावून सांगितलं. कोणी विचारलं नव्हतं.

"हे बघा. पहिला आकडा १६५. टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. R म्हणजे रेडियल. १४ म्हणजे रिम, इंचांमध्ये. शेवटचा C म्हणजे उघडच आहे, कार."

"आणि मधला ऐंशी?" सुजाताने विचारलं.

इथे मी किंचित थांबलो. मधल्या ऐंशीचं मला नक्की माहीत नव्हतं. पण घास तोंडात असताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो, आणि अर्ध्या पोळीत माझा विचार पूर्ण झाला. "टायरच्या भिंतीची उंची. रिमपासून रस्त्यापर्यंत. ऐंशी मिलिमीटर. दोन्ही टायरांचा मधला आकडा ऐंशी, दोन्हींची रिम चौदा, म्हणजे दोन्हींची उंची एकच! नवा फक्त वीस मिलिमीटर रुंद. रुंद टायर म्हणजे पकड चांगली."

"मधला आकडा कुणाला तरी इचारून घे, साहेब," बाबा भात कालवत म्हणाले.

"बाबा, मी तक्ता केलाय."

तक्ता खरंच केला होता. कॉम्प्युटरवर. चौदा इंच गुणिले पंचवीस पूर्णांक चार, अधिक दोनदा ऐंशी, बरोबर पाचशे पंधरा पूर्णांक सहा. जुना टायर पाचशे पंधरा पूर्णांक सहा, नवा टायर पाचशे पंधरा पूर्णांक सहा. फरक शून्य! शून्याच्या चौकटीला मी हिरवा रंग दिला. कंपनीत कागदांच्या दाव्यावर माझा काडीचा विश्वास नसतो. दुसऱ्याने तक्ता दाखवला की मी म्हणतो, तक्ता ठेवा बाजूला, भाग आणा, मोजू. घरी मात्र टेप बाबांच्या खिशात होता, टायर खाली गाडीला होता, आणि त्या दोघांची गाठ घालून द्यावी असं मला एकदाही वाटलं नाही.

लग्नाच्या आदल्या दिवशी शिंदेकडून टायर घेऊन मी चिंचवडला अन्वरभाईंच्या दुकानात गेलो. अन्वरभाई वीस वर्षं टायर बसवतात. त्यांनी माझे टायर पाहिले, माझी गाडी पाहिली, परत टायर पाहिले.

"साहेब, ये टायर कौनसी गाडीला लावायचे?"

"याच."

"इसको?" त्यांनी पान गालात सरकवलं. "साहेब, चढेल. रिम चौदाचा आहे, चढेल. पण मोठा टायर आहे. वळणार नाय."

मी मोबाइल काढून तक्ता दाखवला. हिरवी चौकट मोठी करून दाखवली. अन्वरभाईंनी ती चौकट बराच वेळ पाहिली आणि म्हणाले, "आप इंजिनियर हो?"

"क्वालिटीत आहे."

"फिर ठीक है," ते म्हणाले आणि पाना उचलला. त्या तीन शब्दांत केवढा अर्थ भरला होता हे मला चोवीस तासांनी कळलं.

गाडी जॅकवर असताना मी एक चाक हाताने फिरवून पाहिलं. अगदी मोकळं! गाडी खाली उतरली तेव्हा एकदम रुबाबदार दिसत होती, जरा उंच, जरा फुगलेली. घरी येताना सोसायटीच्या गेटपाशी स्टीअरिंग पूर्ण फिरवल्यावर पुढून 'घस्स' असा आवाज आला. नव्या टायरला सुरुवातीला जरा बोलायची सवय असते, असं मी स्वतःला सांगितलं. (हे मी त्याआधी कुठे वाचलेलं नव्हतं आणि नंतरही वाचलेलं नाही.)

सुजाता गॅलरीतून बघत होती. "अहो, गाडी टाचा उंच करून उभी आहे असं का वाटतंय?"

"नवे टायर आहेत."

"बरं."

लग्नाच्या दिवशी सकाळी बाकीचे पाहुणे बसने पुढे गेले. साडेदहाला आम्ही निघालो. गाडीला पांढऱ्या फुलांच्या माळा. चालवायला मी. शेजारी सिद्धार्थ, पांढऱ्याशुभ्र शेरवानीत. मागे बाबा, सुजाता आणि मध्ये आमची आत्या. आत्या बसली आणि गाडी मागून चांगली बोटभर खाली गेली. आत्या मोकळ्या मनाची बाई आहे आणि मोकळ्या अंगाचीही. डिकीत तिच्या दोन पिशव्या आणि ओल्या फडक्यात गुंडाळलेले वधू-वरांचे दोन मोठे हार. "हार माझ्या ताब्यात हायेत," असं तिने तीन वेळा बजावलं होतं.

पहिला खड्डा पिंपरीत लागला. मागच्या चाकांतून असा आवाज आला की कोणीतरी पत्र्यावर खडबडीत वीट घासतंय.

"काय झालं?" सिद्धार्थ दचकला.

"रस्ता," मी म्हणालो.

दुसऱ्या खड्ड्यालाही रस्ताच म्हणालो. तिसऱ्यानंतर आत्या हवा हुंगू लागली. "कायतरी करपतंय गं सुजाता. गॅसवर दूध ठिवलंस का?"

"आत्या, आपण गाडीत आहोत."

"मग गाडीच करपती."

भोसरीला आळंदी रस्त्याला लागायचं होतं. मी स्टीअरिंग फिरवलं. अर्धं फिरलं तोवर सगळं ठीक. पुढे 'घर्रर्र' करून चाक आतल्या प्लॅस्टिकला जे चावलं ते सोडेना! मी मागे घेतली, पुन्हा थोडी पुढे, पुन्हा मागे. पाठीमागे हॉर्नचा गोंगाट. एक रिक्षावाला बाहेर डोकं काढून ओरडला, "ओ भाऊ, कार हाय का ट्रेलर?" तीन खेपांत आम्ही ते वळण घेतलं. बाबा मागून माझ्या मानेकडे बघत होते. बाबा असे बघत असले की मला तिथे ऊब जाणवते.

मग स्पीडब्रेकर सुरू झाले. पहिल्यावर गाडी मागून अशी घासली की आत्या "अगं आई!" म्हणून सुजाताला बिलगली. दुसऱ्याच्या आधी बाबांनी तोंड उघडलं.

"साहेब, थांब. वजन उतरव."

तिथून पुढे आमची पद्धत ठरली. स्पीडब्रेकर आला की मागचे तिघे आणि नवरदेव खाली उतरणार. मी एकटा गाडी पलीकडे नेणार. ते चालत पलीकडे येणार आणि पुन्हा बसणार. असे आम्ही चार स्पीडब्रेकर ओलांडले. चौथ्याला एका चहाच्या टपरीवरचे लोक उठून उभे राहिले. त्यांना वाटलं वरात आली! एकाने सिद्धार्थला अदबीने विचारलं, "नवरदेव, पायी का ओ? नवस हाय का?"

सिद्धार्थने शेरवानी झटकली. तो गाडीत बसला, दार लावलं आणि समोर बघत म्हणाला, "दादा, तू म्हणाला होतास, वेळेची जबाबदारी माझी."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. प्रज्ञाचे वडील. स्पीकरवर त्यांचा आवाज गाडीभर पसरला. "जय भीम! कुठपर्यंत आलात? बौद्धाचार्य घड्याळ बघतायत."

"आलोच, चऱ्होली फाट्यापाशी," सिद्धार्थ म्हणाला. बारा वाजत आले होते.

फाटा आलाही. पण तिथे जे वळण आहे ते काटकोनात आहे, आणि पाठीमागे एक भला मोठा कंटेनर होता. तीन खेपांची चैन परवडणारी नव्हती. मी स्टीअरिंगला हात लावला, पुढून 'घस्स' ऐकलं आणि सरळ निघालो.

"दादा, फाटा गेला!"

"माहितेय."

"मग?"

"पुढून वळू."

"पुढे आळंदी आहे, दादा!"

मीटरवर पन्नासचा वेग होता. (टायर मोठे असले की मीटर कमी दाखवतो, गाडी प्रत्यक्षात जास्त पळते, हे मला नंतर समजलं. म्हणजे त्या दिवशी आम्ही मीटरच्या पुढे होतो आणि लग्नाच्या मागे.) दीड-एक किलोमीटर गेलो असू, तोच पुढच्या उजव्या चाकाने आतलं प्लॅस्टिक ओरबाडून बाहेर काढलं. ते रस्त्यावर फरफटू लागलं. मी गाडी कडेला घेतली. सव्वाबारा वाजून गेले होते.

सगळे उतरले. आत्या फुलांनी सजवलेल्या बॉनेटला टेकून पदराने वारा घेऊ लागली. सिद्धार्थ रस्त्यात उभा राहून येणाऱ्या प्रत्येक रिक्षाला हात करत होता आणि प्रत्येक रिक्षा भरलेली होती. त्याच्या कपाळावरचा घाम पुसायला सुजाता रुमाल घेऊन मागे मागे फिरत होती. तो माझ्याकडे बघतही नव्हता, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला फार वाईट वाटलं. लहानपणी याला सायकलवर डबल सीट शाळेत मीच सोडायचो. तेव्हा सायकलचे टायर मात्र बरोबर साइजचे होते, कारण ते बाबांनी बसवलेले होते.

इतक्यात आळंदीकडून प्लॅस्टिकच्या खुर्च्या लादलेली एक पिकअप आली आणि रस्ता ओलांडून आमच्यापाशी थांबली. चालक उतरला. चाळिशीचा, मराठवाड्याकडचा माणूस.

"काय झालं की ओ? पंक्चर हाय का?"

"नाही, टायर घासतायत," मी म्हणालो.

तो वाकला. टायरवर हात फिरवला आणि चेहऱ्यावर ओळख पटल्याचा आनंद आला. "आरं, हे तर माझेच टायर की! म्हंजी माझ्या गाडीला बी हेच हायेत. लई दमदार. टनभर माल टाका, हूं का चूं करत न्हाईत."

आम्ही पाचही जण त्याच्या पिकअपच्या चाकाकडे वळलो. बाबा खाली बसले, चष्मा वर केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं एकेक वाचलं. "एकशे पंच्याऐंशी. ऐंशी. चौदा. शी." मग पिकअपवाल्याला विचारलं, "ह्यो शी कशाचा म्हणायचा, भाऊ?"

"मालवाहू गाडीचा, काका. टेम्पोचा."

बाबा उठले. गुडघे झटकले. माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "साहेब, टायर बरोबर हायेत. गाडी चुकली."

आत्या सगळ्यात आधी हसली. मग सुजाता. मग, आईशप्पथ सांगतो, सिद्धार्थसुद्धा हसला, पण लगेच घड्याळ बघून थांबला. "भाऊ, तुम्ही कुठे चाललात?"

"चऱ्होलीला. एका लग्नात जादा खुर्च्या टाकायच्यात. बाराचं लग्न हाय, पर नवरदेवाचाच पत्ता न्हाई म्हणं."

"मीच तो," सिद्धार्थ म्हणाला.

पुढच्या दोन मिनिटांत नवरदेव आणि आत्या पिकअपच्या केबिनमध्ये बसले. बाबा आणि सुजाता मागे चढले. पिकअपवाल्याने त्यांच्यासाठी दोन खुर्च्या सुट्या करून दोरीने पक्क्या बांधल्या. पांढऱ्या रेशमी साडीतली सुजाता आणि पांढऱ्या सदऱ्यातले बाबा असे शेजारी शेजारी विराजमान झाले की एखाद्या सभेचे अध्यक्ष आणि प्रमुख पाहुणेच! पिकअपने जागच्या जागी गर्रकन वळण घेतलं, हूं नाही की चूं नाही, आणि निघून गेली. मी लोंबणारं प्लॅस्टिक उपटून मागच्या सीटवर टाकलं आणि गाडीत एकटा बसलो. गाडी हलकी झाली होती. मीही झालो होतो, वेगळ्या अर्थाने.

तेवढ्यात फोन वाजला. आत्या. इतक्या मोठ्याने बोलत होती की फोन नसता तरी ऐकू आलं असतं.

"आरं, हार! हार डिकीत राह्यलं!"

"तुझ्या ताब्यात होते ना?"

"ताब्यात हायेत, पर डिकीत हायेत! घिऊन ये लवकर, हाराबिगर लगीन लागतंय व्हय?"

आता मला वळायलाच हवं होतं. रस्त्यावर शक्यच नव्हतं. शेजारी एका प्लॉटिंगवाल्याची मोठी मोकळी जमीन दिसली, चुन्याच्या रेघा मारलेली. मी गाडी आत घातली आणि स्टीअरिंग अर्धंच फिरवून एक विशाल गोल चक्कर मारायला लागलो. चार प्लॉट, सहा प्लॉट, आठ प्लॉट! ऑफिसच्या तंबूतून एक टाय घातलेला माणूस हसतमुखाने धावत आला आणि गाडीच्या बाजूने पळू लागला.

"साहेब, कोपऱ्याचा बघताय का? पूर्वाभिमुख आहे!"

"मला फक्त वळायचंय!"

"रस्ता तीस फुटी आहे साहेब, आरामात वळते गाडी!"

"माझी नाही वळत!" मी ओरडलो आणि त्याच्या कोपऱ्याच्या प्लॉटची चुन्याची रेघ पुसत बाहेर पडलो. त्या माणसाने पळता पळता खिडकीतून एक माहितीपत्रक आत टाकलंच.

फाट्यावर परत येताना वळण सोयीच्या बाजूने होतं. तेही दोन खेपांत. कार्यालय दिसलं, फाटक दिसलं, आणि फाटकात शिरायला पुन्हा काटकोन! मी गाडी सरळ पुढे नेली, तीनशे मीटरवर एका भिंतीला लागून उभी केली, डिकीतून ते दोन हार काढले, दोन्ही खांद्यांवर टाकले आणि पळत सुटलो. बेचाळीस वर्षांचा माणूस, सूट घातलेला, खांद्यांवर दोन हार. रस्त्यातल्या एका आजीबाईंनी मला हात जोडले. मला वाटतं, त्यांना मी निवडून आलोय असं वाटलं.

मांडवात शिरलो तेव्हा एक वाजायला बारा मिनिटं होती. बौद्धाचार्य हातातल्या घड्याळावर बोट आपटत होते. सिद्धार्थ मंचावर उभा होता. मला पाहताच तो माइकपाशी गेला आणि म्हणाला, "आले. दादा आले. आता लावा." हार आले असं म्हणाला नाही. दादा आले असं म्हणाला. मी त्याच्या हातात हार दिला तेव्हा मला कोणाला काही समजावून सांगता आलं नाही. घरचे म्हणतात, हे आजवर एकदाच झालंय.

त्रिशरण-पंचशील झालं, हार घातले गेले, फुलं उधळली गेली. एकला पाच मिनिटं असताना बौद्धाचार्य गाडीत बसले. लग्न लागलं!

जेवणं झाल्यावर मी हळूच बाहेर जाऊन गाडीपाशी उभा राहिलो, तर तिथे आधीच गर्दी. आमच्याकडच्या आणि त्यांच्याकडच्या पाहुण्यांत निम्मे पिंपरी ते चाकण कुठल्या ना कुठल्या कंपनीत. असे पंधरा तज्ज्ञ माझ्या चाकांभोवती उकिडवे बसले होते. बाबांनी खिशातून टेप काढला आणि टायरला आडवा लावला. "पासष्ट शेंटीमीटर. जुना किती हुता?"

डिकीत स्टेपनी होती, जुन्या साइजची. (ती मी बदलली नव्हती. अन्वरभाईंनी बदलूच दिली नव्हती, बिचारे!) बाबांनी तिलाही टेप लावला. "बासष्ट."

माझा तक्ता दोन्ही साडेएक्कावन्न सांगत होता. म्हणजे तक्ता नव्या टायरच्या बाबतीत तर चुकला होताच, पण आठ वर्षं माझ्याच गाडीला असलेल्या टायरच्या बाबतीतही चुकला होता! मग बाबांनी चालकाच्या बाजूचा दरवाजा उघडला आणि खांबावरच्या स्टिकरवर फक्त बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, १६५/८० R14. तो दरवाजा मी आठ वर्षं दिवसातून चारदा उघडला आहे.

"पण मधला आकडा दोन्हीकडे ऐंशी आहे!" मी शेवटचा प्रयत्न केला.

गर्दीतून नवी नवरी पुढे आली. हातात हिरवा चुडा, गळ्यात मी धावत आणलेला हार. प्रज्ञा चाकणला गाड्यांच्या ड्रॉइंगचं काम करते, हे मला तोपर्यंत कोणी नीट सांगितलं नव्हतं, किंवा सांगितलं असेल तेव्हा मी बोलत असेन.

"दादा," ती खाली बघत, अत्यंत मर्यादेने म्हणाली, "मधला आकडा मिलिमीटर नसतो. टक्के असतात. रुंदीच्या ऐंशी टक्के. रुंदी वाढली की उंचीही वाढते."

सून घरात येण्यापूर्वी मोठ्या दिराशी बोललेलं हे तिचं पहिलं वाक्य. पंधरा तज्ज्ञांनी एकदम माना हलवल्या. उभ्या.

"झालं समाधान?" बाबा म्हणाले. "जेवताना म्हणलं हुतं, इचारून घे."

मग फोटोवाल्याने हाक मारली आणि आम्ही सगळे मंचावर गेलो. रांगेत उभे राहताना सुजाता एकदम प्रेमळ झाली. माझा कोट झटकला, कॉलर सारखी केली, खिशापाशी काहीतरी खुडबुड केली. मला वाटलं, सेफ्टी पिनने फूल लावतेय. बाबा शेजारीच उभे होते आणि पेनचं टोपण लावत होते. मला शंका यायला हवी होती. मी मात्र छाती पुढे काढून, कॅमेऱ्याकडे बघून, मोठ्या भावाला शोभेल असं हसलो.

तो फोटो आता आमच्या हॉलमध्ये मोठा करून लावला आहे. मध्ये नवरा-नवरी, डावीकडे बाबा आणि आत्या, उजवीकडे सुजाता आणि मी. माझ्या कोटाच्या खिशावर, फ्रिजवरून पाच महिन्यांनी सुटका झालेला लाल टॅग. फोटो एवढा स्पष्ट आहे की फिटरचं मोकळं अक्षर सोफ्यावर बसूनही वाचता येतं. वस्तू: थोरला मुलगा. नग: एक. दोष: विचारत नाही. निर्णय: टाकून देऊ नये, सुधारून वापरावा. खाली बाबांची सही.

आलेला प्रत्येक पाहुणा तो वाचतो, मग माझ्याकडे बघतो. मी त्या टॅगमध्ये काहीतरी चूक सापडते का म्हणून आजवर निदान शंभर वेळा तो तपासला. रकाने पूर्ण भरलेले, नग बरोबर, दोषाचं वर्णन नेमकं, सही जागच्या जागी. अठरा वर्षांच्या अनुभवावरून सांगतो, पास करण्यावाचून इलाज नाही.